सिकलसेल असलेल्या मुलीला ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका, बायोप्सीला होकार द्यावा का?

मुलीचा बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची आहे. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि लवकर फुटतात तो आजार; एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाबा दोघांकडून आलेला. दीड वर्षाची असताना हातापायांची बोटं सुजली, तेव्हा निदान झालं. तेव्हापासून तिचा प्रत्येक रिपोर्ट मी वहीत उतरवून ठेवतो. सध्या चौथी वही चालू आहे.

पिवळे डोळे आमच्या घरात नवीन नाहीत. तिचं बिलीरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) एरवी ३ ते ४ असतं, आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं, ०.६ च्या वर कधी गेलेलं नाही. दुखणं उठलं किंवा ताप आला की आकडा थोडा चढतो आणि आठवड्याभरात उतरतो. सकाळी तिला खिडकीपाशी उभं करून खालची पापणी ओढून बघायची मला सवयच लागली आहे.

या वेळी मात्र तीन महिने झाले तरी उतार नाही. लघवी गडद होते. रात्री झोपेत तळपाय एकमेकांवर घासते, इतकं की सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. अंगात त्राण नाही. सुरुवातीला सगळ्यांनीच "सिकलची कावीळ आहे, पाणी भरपूर पाजा" असं सांगितलं. मीही तेच मानून चाललो.

मागच्या आठवड्यातले आकडे: एकूण बिलीरुबिन ९.२, डायरेक्ट ५.८. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी ३१०, एरवी २५-३० असतं. तसंच एसजीओटी ४२०. पित्तनलिकांचा अंदाज देणारं जीजीटी १८०. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, यकृतात तांबं साठण्याच्या आजारासाठीचं सेरुलोप्लाझ्मिन नॉर्मल. फेरिटिन (लोहाचा साठा) ९००, आजवर तिला सहा वेळा रक्त चढलं आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे आहेत, ते दोन वर्षांपासूनच आहेत. पित्तनलिका फुगलेली नाही. आयजीजी, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, ३२०० आलं. स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या: एएनए १:१६०, एसएमए १:८०.

लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तो आजार) वाटतोय, बायोप्सी करू, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासू, आणि बहुधा स्टेरॉइड सुरू करावं लागेल. रक्ताचे डॉक्टर म्हणाले, सिकलमध्ये बायोप्सी जोखमीची असते आणि स्टेरॉइडने क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून उठणारं जोराचं दुखणं, येऊ शकतो. दोघेही मला हे वेगवेगळ्या दिवशी म्हणाले. मी मध्ये उभा आहे आणि काय करावं हे कळत नाही.

एकाच शरीरात हे दोन्ही आजार खरंच असू शकतात का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

लॅबमधली ताई

दादा, मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये १६ वर्षं काम करते, त्यामुळे आकड्यांपुरतंच बोलते.

सिकलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातून जे बिलीरुबिन वाढतं ते इनडायरेक्ट. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीत उतरत नाही. तुमच्या मुलीचं निम्म्याहून जास्त डायरेक्ट आहे. म्हणजे यकृताने बिलीरुबिनवर त्याचं काम केलंय, पण पुढे पित्तात टाकायला त्याला जमत नाहीये. हे नुसत्या पेशी फुटण्यानं होत नाही. लघवीच्या पट्टीवर बिलीरुबिन पॉझिटिव्ह येतंय का, ते विचारून घ्या.

एसजीओटीवर सिकलच्या पेशंटमध्ये फार भर देऊ नका. ते तांबड्या पेशींतही असतं, पेशी फुटल्या की वाढतं. नमुना काढताना सुई नीट लागली नाही आणि रक्त नळीतच फुटलं, तरीसुद्धा वाढलेलं दिसतं. एसजीपीटी मात्र मुख्यतः यकृताचंच. ३० वरून ३१० झालंय, ते सिकलच्या खात्यावर टाकून चालणार नाही. जीजीटी केलंत हे बरं झालं. वाढत्या वयाच्या मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमुळेही वाढलेलं असतं, त्यावरून पित्तनलिकांचा अंदाज नीट येत नाही.

आता एएनए. सिकलच्या पेशंटमध्ये एएनए कोणताही ऑटोइम्यून आजार नसताना पॉझिटिव्ह येताना मी पुष्कळदा पाहिलंय. एकट्या एएनएवर कुणी निदान करत असेल तर थांबवा. पण तुमच्याकडे एसएमएसुद्धा आहे. मुलांमध्ये या दोन्ही चाचण्यांत १:२० (नमुना वीसपट पातळ करूनही पॉझिटिव्ह) सुद्धा लक्षात घेतात, त्या मानाने १:८० बरंच झालं. एसएमएची चाचणी उंदराच्या यकृत, मूत्रपिंड आणि जठराच्या पातळ कापावर करतात. मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्यांच्या भिंती हिरव्या चमकतात. मूत्रपिंडातले गुच्छ आणि नळ्याही चमकल्या, तर ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शक्यता आणखी वाढते. रिपोर्टवर पॅटर्न लिहिला नसेल तर लॅबला फोन करून मागा, सांगतात.

आणि हो, दोन्ही आजार एकत्र असू शकतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये त्यांच्याकडच्या मुलांची माहिती छापली होती. यकृताचा त्रास असलेल्या ७७ सिकल पेशंटपैकी १३ जणांना ऑटोइम्यून आजार निघाला. मुली जास्त होत्या. निम्म्याहून अधिक जणांच्या पित्तनलिकांनाही आजाराने धरलं होतं. ती मुलं मोठ्या यकृत केंद्राकडे पाठवलेली होती, म्हणून सगळ्या सिकल मुलांत हेच प्रमाण आहे असं समजू नका.

थोरला भाऊ

मी थोडी वेगळी बाजू सांगतो. माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा, एसएस. त्याचीही कावीळ अशीच वाढली, एएनए १:१६० आला, आणि तेवढ्या कागदावर एका ठिकाणी बायोप्सी न करता स्टेरॉइड सुरू झालं. नवव्या दिवशी पाठ आणि मांड्या धरल्या, मग छातीत दुखायला लागलं, ऑक्सिजन खाली आला. अकरा दिवस ॲडमिट होता.

दुसरीकडे नेल्यावर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केलं, तर मुख्य पित्तनलिकेत खडा. सोनोग्राफीत तो दिसला नव्हता. पुढे बायोप्सीही झाली. यकृताच्या बारीक रक्तवाटांमध्ये वाकड्या पेशी अडकलेल्या आणि जागोजाग लोह साठलेलं. ऑटोइम्यूनचं काहीच नाही. दुर्बिणीतून खडा काढला, काही आठवड्यांनी पित्ताशय काढलं, एसजीपीटी आपोआप खाली आलं. ज्या आजारावर स्टेरॉइड दिलं तो त्याला नव्हताच.

म्हणून काका, बायोप्सीला घाबरू नका असं मी म्हणणार नाही, पण बायोप्सीशिवाय स्टेरॉइडला हो म्हणू नका. सोनोग्राफीत नलिका फुगलेली नाही, एवढ्यावर खडा नाही असंही धरू नका, एमआरसीपी मागा. ती लोह कमी करायचं डेफेरासिरॉक्स घेते का? त्या गोळीनेसुद्धा यकृताला त्रास होऊ शकतो. गेल्या सहा महिन्यांत काय काय दिलं, त्यात काढे, चूर्ण, घरगुती औषधं सगळं आलं, ते डॉक्टरांना सांगा. आमच्याकडून एक चूर्ण सांगायचं राहून गेलं होतं आणि त्यावरून दोन आठवडे घोळ झाला.

चोविशीतली

काका, तुमची पोस्ट रात्री वाचली. तळपाय घासण्यापाशी आले आणि पुढे वाचवेना. मी तेच करायचे.

मी २४ वर्षांची. सिकल एसएस, आणि १५ व्या वर्षापासून ऑटोइम्यून यकृताचा आजार, पित्तनलिकांसह. आठ महिने माझी प्रत्येक तक्रार सिकलमध्येच मोजली गेली. थकले, सिकल. डोळे पिवळे, सिकल. पाळी बंद झाली, तेही सिकल. खाज मात्र कशात बसत नव्हती, म्हणून ती कुणी लिहूनच घेतली नाही. तुम्ही वहीत लिहिलीत. उद्या डॉक्टरांना दाखवाल तेव्हा ते पान उघडून आधी पुढे करा.

माझी बायोप्सी कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आई बाहेर बसून नुसती रडत होती. आधी ठरलं की दुखणं चालू असताना करायची नाही. ऐन क्रायसिसमध्ये, यकृत रक्ताने फुगलेलं असताना सुई घातली तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो, खरा धोका तिथेच आहे. माझं सगळं शांत असताना तारीख घेतली. दोन दिवस आधी एक्स्चेंज केलं, म्हणजे माझं रक्त थोडं थोडं काढून दात्याचं भरलं, एचबीएस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, ३० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. आयएनआर, म्हणजे रक्त नीट गोठतं का ते, बघितलं, व्हिटॅमिन के दिलं. आदल्या रात्रीपासून सलाइन लावलं, कारण उपाशी ठेवलं की अंगातलं पाणी कमी होतं आणि आपल्या पेशींना तेवढं निमित्त पुरतं. हे सलाइन तुम्ही स्वतः लक्षात ठेवून मागा. आमच्या वॉर्डात सगळ्यांनाच रात्री बारानंतर पाणी बंद होतं, माझ्यासाठी वेगळी ऑर्डर लिहायला आईने लावली.

सुई पोटातून घातली नाही, मानेच्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेली. यात रक्त आलंच तर ते शिरेतच जातं, पोटात सांडत नाही. सगळ्यांनाच असं करतात असं नाही, पण विचारा. मान दोन दिवस आखडली होती. बाकी काही झालं नाही.

रिपोर्टमध्ये इंटरफेस हिपॅटायटिस आणि प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची) गर्दी होती. माझ्या डॉक्टरांनी कागदावर षटकोन काढून दाखवला. यकृताच्या पेशींची वस्ती आणि तिच्या कडेला असलेली कुंपणं, आणि आपलीच लढणारी पेशी ते कुंपण ओलांडून आत शिरलेली. तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. एमआरसीपीत पित्तनलिका कुठे बारीक, कुठे फुगीर, मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या. म्हणून स्टेरॉइडबरोबर अर्सो, पित्त वाहतं ठेवायचं औषध, तेही चालू झालं.

आता स्टेरॉइड. तुमचे रक्ताचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर सुरू झालं. पहिल्या तीन आठवड्यांत खाज गेली, मी झोपायला लागले, एसजीपीटी ५२० वरून १४० झालं. मग डोस एकदम अर्धा केला आणि चौथ्या दिवशी दोन्ही पाय धरले. सहा दिवस ॲडमिट. त्यानंतर डोस फार हळू, थोडा थोडा उतरवला आणि पुन्हा तसं झालं नाही. म्हणून दोन्ही डॉक्टरांनी डोस उतरवायचं वेळापत्रक एकत्र बसून लिहावं, हे तुम्ही हट्टाने करून घ्या. फोनवर बोलले तरी चालेल, पण बोलले पाहिजेत. माझ्या बाबतीत आईने दोघांना एकच पत्र लिहिलं होतं, अर्ध्या पानाचं, आणि दुसऱ्याच दिवशी ते एकमेकांशी बोलले.

दुसरं औषध अझाथायोप्रिन. ते चालू करण्याआधी टीपीएमटी या एन्झाइमची तपासणी झाली, कारण काहींच्या शरीरात हे औषध जिरत नाही आणि पेशी एकदम खाली येतात. मुलगी हायड्रॉक्सियुरियावर (सिकलच्या नेहमीच्या औषधावर) असेल तर आणखी सांभाळा. दोन्ही औषधं अस्थिमज्जेला दाबतात. माझ्या पांढऱ्या पेशी २१०० पर्यंत आल्या होत्या, मग हायड्रॉक्सियुरियाचा डोस कमी केला. पहिले दोन महिने दर आठवड्याला सीबीसी होतं. कंटाळा यायचा, पण तेव्हा कंटाळून चालत नाही.

ताप. १०१ च्या वर गेला की रात्र असो वा दिवस, हॉस्पिटल. सिकलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होते, त्यात ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. स्टेरॉइडवर ताप फारसा चढतही नाही कधी कधी, म्हणून नुसती मलूल दिसली तरी न्या. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी राहिल्या असतील तर औषधं सुरू होण्याआधी विचारा. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी या औषधांवर असताना देत नाहीत. आणि उलट्या होऊन स्टेरॉइडची गोळी पोटात राहत नसेल तर "उद्या देऊ" असं नाही, लगेच फोन. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय लागलेली असते, एकदम तुटलं तर बीपी पडतं.

कंबरेच्या सांध्याबद्दलही सांगायलाच हवं. १९ व्या वर्षी मोजा घालताना उजव्या जांघेत कळ यायला लागली. मोजाच घालताना, चालताना नाही. एमआरआयमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झालेला दिसला. सिकलनेही होतं, स्टेरॉइडनेही होतं, माझं कशानं झालं हे कुणालाच सांगता आलं नाही. लवकर कळलं म्हणून व्यायाम आणि जपून चालणं यावर निभावलंय. मुलीला आत्ताच सांगून ठेवा की जांघेत किंवा गुडघ्यात दुखलं तर लपवायचं नाही.

माझी एक चूक. १८ पूर्ण झाल्यावर मला मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत पाठवलं. नवीन डॉक्टर, नवीन रांग, मला बरं वाटत होतं, आणि स्टेरॉइडने आलेल्या गोल चेहऱ्याचा मला राग होता. चार महिने गोळ्या घेतल्या नाहीत. आईला घेते म्हणून सांगायचे आणि डबीतल्या गोळ्या मोजून फेकायचे. एसजीपीटी ६४० आलं. पुन्हा पहिल्यापासून स्टेरॉइड, पुन्हा तोच चेहरा. कदाचित खुबा त्याच वेळी गेला असेल. तुमची मुलगी १४ ची आहे, चेहरा बदलेल तेव्हा तिला फार लागेल. गोळ्या तिच्या हातात द्या, पण काही वर्षं तिच्या शेजारी बसून द्या.

आज प्रेडनिसोलोन ५, अझाथायोप्रिन ५०, अर्सो, हायड्रॉक्सियुरिया. एसजीपीटी २८, आयजीजी नॉर्मल. नोकरी करते.

मुलीचा बाबा

तुमचं उत्तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबलो.

पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचंच. खाली वहीतल्या तीन वर्षांच्या डायरेक्ट बिलीरुबिन आणि एसजीपीटीच्या दोन रांगा काढून जोडल्या. रांगा नुसत्या बघितल्या तरी कळतं, एप्रिलपर्यंत सपाट आणि मग चढण. मी दर वेळी एकूण बिलीरुबिनच्या आकड्याभोवती गोल करत आलो. त्याच्या शेजारचा डायरेक्ट मी लिहिला, पण बघितला नाही. त्याचं वाईट वाटतंय.

दोन्ही डॉक्टर काल एकत्र बोलले. आधी एमआरसीपी, परवा. खडा अडकलेला नसेल तर पुढच्या आठवड्यात एक्स्चेंज आणि मग मानेतून बायोप्सी. रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइड नाही, पण आयएनआर रोज बघणार. तो बिघडायला लागला तर थांबणार नाहीत. आदल्या रात्रीच्या सलाइनचं मी विचारलं, त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. ताई, लॅबला फोन केला, मूत्रपिंडातले गुच्छही चमकत होते असं म्हणाले. भाऊ, डेफेरासिरॉक्स नाही. एक काढा महिनाभर दिला होता, तो सांगून टाकला आणि बंद केला.

मुलीने मागे उभं राहून सगळं वाचलं आहे. तिला चोविशीतल्या ताईला एकच विचारायचंय. औषध लागू पडलं की डोळे पांढरे होतात का?

चोविशीतली

तिला सांगा, पूर्ण पांढरे नाही होत. माझं बिलीरुबिन आजही ३.६ आहे, सगळं इनडायरेक्ट. ते सिकलचं, ते राहतं. पण तो हळदीसारखा गडद पिवळा जातो, लघवी स्वच्छ होते, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठल्यावर लक्षात येतं की आपण रात्रभर पाय घासलेच नाहीत.